रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब

आमच्या झाडीपट्टीत बंदूक घरोघरी नव्हती, पण तिच्या गोष्टी घरोघरी होत्या. सिंदेवाही तालुक्यात, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं अशा एका गावात माझं लहानपण गेलं. धान लोंबीवर आलं की रात्री रानडुकरं उतरायची. राखणीसाठी गावात दोघातिघांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांतली एक आमच्या मोठेबाबांची. ती ओसरीवर खुंटीला टांगलेली असायची आणि तिच्याखाली आम्ही पोट्टे कंचे खेळायचो.

ठासणीच्या बंदुकीची एक खोड आहे. नळीच्या तोंडातून दारू, चिंध्या आणि छर्रे ठासून भरले, की मग ती रिकामी करणं जिकिरीचं काम. सोपा उपाय एकच, बार काढून टाकणं. पण डुक्कर आलंच नाही म्हणून दारू फुकट कोण घालवणार? त्यामुळे रात्री भरलेली बंदूक सकाळी तशीच खुंटीवर यायची आणि दिवसच्या दिवस तशीच राहायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शेजारच्या गावात एका पोराची दोन बोटं अशाच एका बंदुकीनं गेली, तेव्हा लोकांनी नशिबाला दोष दिला.

बंदुकीची दुसरी गोष्ट दक्षिणेकडून यायची. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. त्याच काळात अहेरी, सिरोंचा, भामरागड भागांत नक्षलवाद्यांचा वावर वाढू लागला होता. त्या बाजूला नोकरीवर असलेले नातेवाईक सणाला यायचे आणि रात्री आवाज खाली आणून बोलायचे. म्हणजे आमच्या पिढीला बंदूक दोनच रूपांत ठाऊक होती. एक डुकरासाठीची, दुसरी माणसासाठीची. बंदुकीचा एक खेळही असतो, त्याला नियमपुस्तक असतं आणि तो शिकवणारा माणूस ओरडून नव्हे तर मोजून शिकवतो, हे मला कळलं ते चंद्रपूरला कॉलेजात गेल्यावर. ज्या माणसामुळे कळलं, त्याच्या ऋणाबद्दल हे लिहितो आहे.

त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. एनसीसीत फौजेतून आलेल्या शिक्षकांना तसंच म्हणतात. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हवालदार, साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातले. वर्ध्याच्या 21 महाराष्ट्र बटालियनमध्ये त्यांची नेमणूक होती. चंद्रपूरच्या कॉलेजांचे कॅडेट त्याच बटालियनकडे. परेडच्या आदल्या संध्याकाळी ते वर्ध्याहून बल्लारशाच्या गाडीनं यायचे. त्यांची बोली आम्हाला नाटकातली वाटायची आणि आमची त्यांना. आम्ही 'काहून' म्हटलं की ते हसून 'का रं' म्हणायचे.

खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे परेडनंतरच्या नाश्त्यासाठी यायचे आणि उरलेले भरतीत 'सी' सर्टिफिकेटचा उपयोग होतो म्हणून. गोळी झाडायला मिळेल ही आशा मात्र सगळ्यांनाच होती. उस्तादांनी ती आशा बराच काळ टांगती ठेवली. .22 ची बोल्ट रायफल त्यांनी टेबलावर ठेवली आणि एकाला उचलायला सांगितलं. त्यानं ती उचलून थेट खांद्याला लावली.

"रिकामी हाय का?"

"हो उस्ताद. तुम्ही आत्ताच तपासली."

"म्या तपासली. तू न्हाई. मग तुझ्यासाठी ती भरलेलीच हाय. ठेव खाली."

त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. प्रत्येकानं यायचं, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची, बोल्ट उघडायचा, चेंबरमध्ये डोळ्यानं पाहायचं आणि बोटानं चाचपायचं. रायफल दुसऱ्याच्या हातात द्यायची ती बोल्ट उघडा ठेवूनच. घेणाऱ्यानं पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं. दोन मिनिटांपूर्वी समोरच्यानं केलेलं पाहिलं असलं तरीही. आम्हाला ते पोरखेळ वाटे. आमच्यातल्या एकालाच वाटत नसे. त्याचे वडील भद्रावतीच्या आयुध निर्माणीत कामाला होते. काडेपेटी खिशात घेऊन कारखान्याच्या आत पाऊल टाकता येत नाही, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. "सुरक्षा म्हणजे रोजची कटकट, आणि रोज केली तरच तिचा उपयोग," असं तो वडिलांच्या आवाजात सांगायचा.

पुढचा धडा अंतराचा होता. आमची चांदमारी 25 यार्डांची, म्हणजे जेमतेम 23 मीटर. उस्तादांनी विचारलं, ही गोळी किती लांब जाते? सगळ्यांचं उत्तर एकच, टार्गेटपर्यंत. मग त्यांनी सांगितलं की .22 ची एवढीशी गोळी नळी वर उचललेली असताना सुटली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. "23 मीटर टार्गेटचे. उरलेले कुणाचे?" कुणी बोललं नाही. "तुझे. गोळी थांबंपर्यंत ती तुझीच. सुटली म्हंजी संपली न्हाई."

माझ्या मते त्यांच्या सगळ्या शिकवणीचा गाभा इतकाच होता. नेम, पकड, श्वास, ट्रिगर हे सगळं त्याच्या पोटात येतं.

टार्गेटमागचा मातीचा बांध, म्हणजे बट, हा त्यांच्यासाठी रायफलीइतकाच महत्त्वाचा. कॅम्पच्या आधी त्यांनी आम्हाला घमेली आणि चाळण्या दिल्या आणि बटवरची माती चाळून घेतली. गोळी दगडावर आदळली तर कोणत्या दिशेला उसळेल याचा नेम नाही, म्हणून टार्गेटच्या मागच्या भागात दगडगोटा राहता कामा नये. दोन दिवस घमेली वाहून झाल्यावर आमच्यातल्या एकानं विचारलं, "उस्ताद, आपण नेमबाजीले आलो का रोजगार हमीवर?" ते म्हणाले, "रोजगार हमीवर पैसं मिळत्यात. हितं जीव वाचतो. चल, उचल."

मैदानाच्या चारही अंगांना लाल झेंडे लागायचे आणि झेंड्यापाशी एकेक कॅडेट पहाऱ्याला. आमच्या भागात एवढ्यानं भागत नाही, हे बाहेरून आलेल्या या माणसानं आमच्याआधी ओळखलं होतं. मैदानामागे झुडपी जंगल. त्यातून गुराखी यायचे, सरपणवाल्या बाया यायच्या आणि मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच टोपल्या घेऊन अख्खी घरं झाडाखाली असायची. म्हणून फायरिंगच्या आदल्या दिवशी उस्ताद स्वतः जवळच्या वस्तीवर जाऊन सांगून यायचे आणि दुसऱ्या दिवशी कोतवालाकडून दवंडीही द्यायला लावायचे. एवढं करूनही एकदा ऐन फायरिंगमध्ये बटच्या डाव्या अंगाला एक गाय दिसली. पहारेकऱ्यानं शिट्टी मारण्याआधी फायरिंग पॉइंटवरच्याच एका लहानखुऱ्या कॅडेटनं "रुक!" असा आवाज दिला. वास्तविक हुकूम देण्याचा अधिकार त्याचा नव्हता. सगळ्यांनी बोटं ट्रिगरवरून काढली, बोल्ट उघडले, रायफली जमिनीवर ठेवल्या. गाय हाकलून झाल्यावर उस्तादांनी त्याला पुढे बोलावलं. आता याची कंबख्ती, असं आम्हाला वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "'भर' म्हनायचा अधिकार एकाला. 'रुक' म्हनायचा सगळ्यांना. गुराख्यालाबी."

मुलींच्या तुकडीत अहेरीकडची एक जण होती. चंद्रपूरला वसतिगृहात राहायची. कोरड्या सरावात, म्हणजे गोळीशिवाय नुसता नेम धरून ट्रिगर दाबण्यात, तिच्याइतकं स्थिर कुणीच नव्हतं. रायफलीच्या नळीवर ठेवलेलं नाणं तिनं ट्रिगर दाबला तरी पडायचं नाही. पण मैदानावर पहिली गोळी शेजारच्या कॅडेटनं झाडली आणि ही थरथरत उठून बसली. तिच्या गावाकडे रात्री आवाज झाला की घरातले दिवे विझवून सगळे जमिनीला चिकटून पडायचे. तो आवाज तिच्या अंगात बसला होता. कुणीतरी मागून कुजबुजलं, "आदिवासी आहे ना, हिच्या तर रक्तातच नेम असंल." उस्तादांना ते लागलं. "नेम रक्तात नसतो, सरावात असतो. आन् भीतीबी रक्तात नसती. बाहेरनं आलेली असती."

त्यांनी तिला मैदानाबाहेर नेलं, पण परत पाठवलं नाही. दूर झाडाखाली बसवलं आणि फायरिंगचा प्रत्येक हुकूम मोठ्यानं उच्चारायला लावला. भर. फायर. रुक. खाली कर. आवाज कधी होणार हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही, एवढा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी ती थोडी जवळ बसली, मग आणखी जवळ. कॅम्प संपण्याआधी ती कानांत कापूस घालून फायरिंग पॉइंटवर झोपली आणि तिच्या पाच गोळ्यांचं ग्रुपिंग एका रुपयाच्या नाण्याखाली झाकलं गेलं. पुढे तिनं स्पर्धेला जायला नकार दिला. प्राध्यापक सर हळहळले. उस्ताद म्हणाले, "तिला आता आवाजाची भीती न्हाई. आपलं काम झालं." ती पुढे नर्स झाली.

हे सर म्हणजे आमच्या कॉलेजचे एनसीसी अधिकारी. शिकवायचे अर्थशास्त्र, आणि त्यांचंही ऋण माझ्यावर आहे. मावळंकर स्पर्धेचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते आणि देशभरातले नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेआधी ज्या स्पर्धेत उतरतात ती त्यांच्या नावानं आहे, हे सांगताना सरांना अभिमान वाटायचा. सभागृहात शांतता राखायला लावणारा माणूस नेमबाजीच्या संघटनेचा अध्यक्ष होता यात त्यांना काहीच विजोड वाटत नसे. दोन्हीकडे नियम आधी, आवाज नंतर, असं ते म्हणायचे.

पण मला सर्वांत जास्त आठवते ती एका पुंगळीची संध्याकाळ. उस्तादांच्या हिशेबात रायफली आणि गोळ्या कधी एका हातात नसत. रायफली कोतमधून, म्हणजे शस्त्रांच्या कोठीतून, एकजण काढायचा, गोळ्या दुसरा वाटायचा, लिहायचा तिसरा. पाच गोळ्या घेतल्या की पाच पुंगळ्या परत. एखादी गोळी उडालीच नाही तर नळी बटकडेच ठेवायची, बोल्टला हात न लावता हात वर करून थांबायचं आणि ती न उडालेली गोळीही हिशेबात जमा करायची. शेवटी रांगेत उभं राहून प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, माझ्याजवळ एकही गोळी किंवा पुंगळी नाही. मग हात धुवायचे, तेव्हाच जेवायला बसायचं, कारण गोळीतलं शिसं हाताला लागतं आणि हातातून पोटात जातं.

त्या संध्याकाळी एक पुंगळी कमी भरली. जेवण तयार होतं, थंडी पडायला लागली होती. कुणीतरी म्हणालं, उडालेली तर आहे, रिकामं पितळ, कशाला एवढं? उस्तादांनी कंदील मागवले. सगळे मिळून गुडघ्यांवर बसून गवत चाचपत राहिलो. कुणावर ते रागावले नाहीत, फक्त थांबले नाहीत. शेवटी ती पुंगळी एका कॅडेटच्या दुमडलेल्या बाहीत निघाली. बोल्ट मागे ओढताना उडून तिथे अडकली होती. आकडा जुळला, वहीत सही झाली. मग जेवताना उस्ताद म्हणाले, "आज पुंगळी हुती. उद्या जिवंत राउंड असंल. आपल्याकडनं हरवलेली गोळी कुणाला तरी सापडतीच. अन् या जिल्ह्यात ती कुणाला सापडंल, ते तुमाला माझ्यापेक्षा ठावं." आम्हा सगळ्यांच्या हातातला घास थांबला.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा ओसरीवरच्या खुंटीकडे मला बघवेना. मोठेबाबांना शिकवणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यासमोर माझे वडीलसुद्धा खाटेवर बसत नसत. मी घाबरत विचारलं, "मोठेबाबा, भरून हाय का हे?"

"हाय. काहून?"

"टोपी काढून ठेवा ना. पोट्टे खेळतात खाली."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "कोनं शिकवलं तुले हे?" मी उस्तादांबद्दल सांगितलं. ठासणीच्या बंदुकीत नळीतला बार पेटतो तो मागच्या टोपीच्या ठिणगीनं. बार काढता येत नसला तरी टोपी काढणं सोपं. मोठेबाबांनी काही न बोलता बंदूक उतरवली, टोपी काढून चंचीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बांधीत जाऊन त्यांनी बार काढून टाकला, दारू वाया गेली तरी. त्यानंतर बंदूक ओसरीवर टांगली गेली नाही. आतल्या खोलीत, रिकामी, कुलपात राहिली. मी कॉलेजात काय शिकलो हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण गावातल्या दुसऱ्या बंदूकवाल्याकडे ते स्वतः जाऊन बोलले, हे मला नंतर आईकडून कळलं.

मी नेमबाज झालो नाही. शाळामास्तर झालो आणि शाळेतल्या एनसीसीच्या ज्युनियर पथकाचं काम पाहू लागलो. मुलांना पहिल्या दिवशी हातात रायफल हवी असते. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा तर आमच्या वर्गात बाकावर बसायला कुणी तयार नव्हतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देतो, ही गोष्ट माझ्या जिल्ह्यातल्या मुलांना जवळची वाटली. मी फळ्यावर 10.4 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं. खडूचा ठिपकाच तो. 50 मीटरवरून दहा गुण मिळवायला गोळी तिथे लागावी लागते. मग अंजली भागवतांबद्दल सांगितलं, ज्यांनी एनसीसीतून रायफल हातात घेतली आणि 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. मुलांचे डोळे चमकले. आणि मग मी टेबलावर रायफल ठेवून एकाला उचलायला सांगितलं. पुढचा प्रश्न वाचकांना ठाऊकच आहे.

आता काळ बदलला आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चेंबर रिकामं आहे हे लांबूनही दिसावं म्हणून त्यात भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग घालणं बंधनकारक आहे. कानात कापसाऐवजी नीट कानबंद आले, डोळ्यांना चष्मे आले. उस्तादांनी बोटानं चाचपायला लावलेलं तेच आता रंगीत दोरीनं दिसतं. त्याचबरोबर एअर रायफली बाजारात सहज मिळू लागल्या आणि पालकांना त्या खेळणं वाटू लागल्या. .177 चा छर्रा दहा मीटरवरून डोळा घेऊ शकतो. शिवाय आपल्या जिल्ह्यांत जंगल दारात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र म्हणजे केवळ बंदूक नव्हे. धनुष्यबाण, जाळं, फास, प्राण्याला इजा करू शकेल असं कोणतंही साधन त्यात येतं. एअर रायफल घेऊन पोरगं ताडोबाच्या शेजारच्या झुडपात 'सरावाला' गेलं, तर तो सराव राहत नाही. हे मी प्रत्येक पालकसभेत सांगतो. काहींना मी भित्रा मास्तर वाटतो. वाटू द्या.

उस्ताद निवृत्त होऊन गावी गेल्यावर मी त्यांना भेटायला गेलो होतो. ज्वारीचं शेत, दोन म्हशी, आणि पहाटे त्यांच्याकडे पळायला येणारी, भरतीची तयारी करणारी पोरं. मी त्यांना माझ्या पथकाबद्दल, मुलांच्या ग्रुपिंगबद्दल भरभरून सांगत होतो. त्यांनी मध्येच विचारलं, "मोठेबाबांच्या बंदुकीचं काय झालं?" कधीतरी मी त्यांना तो किस्सा सांगितला होता, आणि इतक्या वर्षांनी त्यांना तो आठवत होता. मी म्हटलं, मोठेबाबा गेल्यावर आम्ही ती पोलीस ठाण्यात जमा केली. ते म्हणाले, "पावती घेतली का?" घेतली होती. तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.

अशा माणसाचं ऋण पैशात किंवा शब्दांत फिटत नाही. ते पुढच्या पोरांच्या हातात द्यावं लागतं, म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या मुलामुलींना नेमबाजी शिकायला जरूर पाठवा. इथल्या मुलांना बंदुकीची तिसरी ओळख हवीच आहे. पण पाठवण्याआधी शिकवणाऱ्याला चार प्रश्न विचारा. टार्गेटच्या मागे काय आहे? गोळ्या आणि पुंगळ्या कोण मोजतं? रात्री शस्त्र कुठे आणि कुणाच्या कुलपात असतं? आणि 'रुक' म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'सगळ्यांना' असं आलं, तर निर्धास्त पाठवा. चारांपैकी एकाही प्रश्नावर समोरचा माणूस हसला, तर पदक कितीही खुणावत असलं तरी मुलाला घेऊन घरी या.